येते म्हण

ज्ञानदा गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अलकाने मौन धरलं. सकाळी आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला की तोंड मिटायचं, ते पूजा, पोथीचा अध्याय आणि नैवेद्य होईपर्यंत उघडायचं नाही. साडेआठ ते दहा, फार तर सव्वादहा. पोरगी तिकडे रुळेपर्यंत हा नेम चालवीन, असं तिने देवापुढे बोलून ठेवलं होतं.

"म्हणजे किती दिवस?" गिरीशने विचारलं होतं.

"रुळेपर्यंत."

"आणि रुळली हे ठरवणार कोण? ती, तू, की तुझा देव?"

अलका हसली नाही आणि रागावलीही नाही. "कळतं ते," एवढंच म्हणाली आणि वाती वळत बसली.

तिचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, मसाल्याच्या वरच्या फळीवर होते. पूजेपुरतं दार उघडायचं, झाली की लावून घ्यायचं. घंटा फडक्यात गुंडाळून मागे ठेवलेली. उघड पूजा चालत नसलेल्या रियाधमध्ये अकरा वर्षं काढल्यावर घंटा वाजवायची हाताची सवयही गेली होती. बाल्कनीत दूधपावडरच्या डब्यात तुळस लावलेली होती, ती उन्हाळ्यात करपायची आणि हिवाळ्यात पुन्हा धरायची. आता जानेवारी, म्हणून ती हिरवीगार होती. १९९१ चा जानेवारी. बाकी सगळ्या शहराचा रंग उडालेला.

गिरीश एका बँकेत कॉम्प्युटर बघायचा. ज्ञानदा ही त्यांची एकुलती एक. इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, पुण्याला इंजिनीअर झाली, आणि आता हॉलंडमध्ये डेल्फ्ट नावाच्या गावी तिला स्कॉलरशिप मिळाली होती. विषय पाणी. धरणं, कालवे, समुद्राला आवरणारे बांध. वाळवंटात टँकरची वाट बघत वाढलेली पोरगी पाणी शिकायला निघाली, याचं गिरीशला इतकं कौतुक की भेटेल त्याला तो तेच वाक्य ऐकवायचा. तिकडे कुवेतवर इराक बसून होता, इकडे रियाधच्या रस्त्यांवर अमेरिकन सैनिक आईस्क्रीम खात हिंडत होते, आणि पंधरा जानेवारीच्या आत इराक हटला नाही तर लढाई, असं सगळं जग म्हणत होतं. कोर्स सातला सुरू होणार होता. एक तारखेला ज्ञानदा निघाली.

विमानतळावर अलकाला रडू आलं नाही. येईल म्हणून ती वाट बघत होती. रुमालही हातात धरून ठेवला होता. पण छातीत नुसतं सपाट, जमीन पुसून घेतल्यावर दिसते तसं. ज्ञानदाने वाकून नमस्कार केला, बॅग खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चला, जाते मी."

अलकाने तिचं मनगट धरलं. "येते म्हण."

"आई, मागे लाइन आहे."

"येते म्हण."

"येते, येते, येते. तीनदा म्हटलं. आता सोडशील?"

अलकाने सोडलं. काचेच्या पलीकडे तिची पाठ दिसली आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी पाठी दिसायला लागल्या. परतीच्या वाटेत गिरीश म्हणाला, "अगं, ती बावीस वर्षांची आहे. तिला सगळ्यांदेखत शब्द शिकवत होतीस."

"निघताना जाते म्हणू नये."

"बरं."

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी पहिला फोन आला. ज्ञानदाला एका बाईंच्या घरात वरची खोली मिळाली होती. जिना इतका उभा की बॅग दोरीने खिडकीतून वर ओढून घ्यावी लागली. खोलीखाली कालवा. "आई, पाणी आहे, पण हलतच नाही. आरसा पसरून ठेवलाय जसा." तूप डब्यात दगड झालं होतं. विरजण लावलं तर दोन दिवस दूधच राहिलं, शेवटी तिने भांडं खोलीतल्या हीटरवर ठेवलं आणि सकाळी दही लागलं. दुपारी तिथे सगळे थंड पाव खातात, गरम म्हणून काही नाही. बाईंनी चहाला बोलावलं, बिस्किटांचा डबा पुढे केला, हिने एक घेतलं, आणि डब्याचं झाकण लागलं.

"लागलं म्हणजे?"

"लागलं म्हणजे बंद. टक. एक बिस्किट, खलास."

गिरीश दुसऱ्या फोनच्या तोंडाशी इतका हसला की त्याला ठसका लागला. अलकाही हसली. हसताना तिला वाटलं, हा आवाज आपलाच आहे का?

दुसऱ्या शुक्रवारी कॅलेंडरची गोष्ट झाली. अलकाने लेकीच्या बॅगेत तिथ्या, सणवार, चतुर्थीचा चंद्रोदय असं सगळं छापलेलं मराठी कॅलेंडर घातलं होतं. वरती लक्ष्मीचं चित्र. ज्ञानदाला खोलीत खिळा ठोकायची परवानगी नव्हती, म्हणून तिने ते बाईंना दाखवून विचारलं, कुठे लावू? बाई फार खूश झाल्या. म्हणाल्या, दे माझ्याकडे, मी लावते. संध्याकाळी कॉलेजातून येऊन ज्ञानदा बघते तर लक्ष्मी संडासात.

अलकाच्या हातातला रिसिव्हर निसटलाच असता.

"आई, ऐक ना! त्यांच्याकडे कॅलेंडर तिथेच लावतात. सगळ्यांचे वाढदिवस लिहून. बसल्या बसल्या दिसतात म्हणून. त्यांचं स्वतःचं पण तिथेच आहे. मला मान दिलाय त्यांनी, शेजारी लावून!"

"काढलंस ना?"

"लगेच. पण आता लावू कुठे? बाईंना वाईट वाटेल."

"पेटीत ठेव. रोज बाहेर काढून बघ आणि परत ठेव." हे सांगताना अलकाला स्वतःचं कपाट आठवलं आणि ती थांबली. आपल्यासारखंच झालं की हे.

मग ज्ञानदाचा आवाज जरा खाली आला. "आई, एक विचारू? मला काहीच होत नाहीये. होमसिक वगैरे सगळे म्हणतात ना, तसं काही नाही. रडू नाही, मजा पण नाही. सकाळी उठते, सायकल काढते, क्लासला बसते. हात चालतात. हे नॉर्मल आहे ना?"

"हात चालतात ना? मग चालू दे."

"तू ठीक आहेस ना तिकडे? खिडक्यांना टेप लावलीय का? इथे टीव्हीवर दाखवतात."

अलकाने गिरीशकडे बघितलं. गिरीशने रिसिव्हर घेतला. "छे गं! कसली टेप? आपल्याकडे सगळं नॉर्मल आहे."

त्याच्या मागे खिडकीवर तपकिरी टेपच्या फुल्या होत्या, हल्ल्यात काच फुटून उडू नये म्हणून त्यानेच मारलेल्या.

त्या आठवड्यात बँकेने विषारी वायूच्या भीतीने प्रत्येक घरी दोन मास्क दिले, आणि एक खोली बंदिस्त करायला सांगितली. गिरीशने ज्ञानदाची खोली निवडली, कारण तिला एकच खिडकी होती. त्याने काचेवर प्लास्टिक ताणलं, दाराच्या फटी टेपने बुजवल्या, तिच्या टेबलावर पाण्याचे कॅन, रेडिओ, बॅटरी मांडली. तिच्या पलंगाखाली जुने टॉवेल, हल्ला झाला तर ओले करून दाराशी लावायचे. अलका मुकाट्याने एकेक वस्तू त्याच्या हातात देत होती. पोरीची पुस्तकं उचलून बाहेर ठेवताना तिला वाटलं, आता तरी पोटात तुटेल. तुटलं नाही. मास्क लावून बघितला तर पट्टा अंबाड्यात अडकला.

"सोंड जरा आखूड पडली," गिरीश म्हणाला, "नाहीतर घरचा गणपतीच."

"देवाची थट्टा नको हो," ती मास्कच्या आतून हळूच म्हणाली, आणि त्याला ते ऐकूही गेलं नाही.

बँकेतल्या बऱ्याच जणांनी बायकामुलं भारतात पाठवली होती. गिरीशने अलकालाही विचारलं होतं, दोनदा. त्याचा पासपोर्ट ऑफिसात अडकलेला, त्याला हलता येत नव्हतं. ती म्हणाली, "मी इथेच." पुढे त्यावर बोलणं झालं नाही. ज्ञानदाला हे आवडलं नव्हतं. तू राहतेस तर मला का पाठवता, असं ती निघेपर्यंत म्हणत होती.

सोमवारी, चौदा तारखेला, सकाळी साडेनऊला फोन वाजला.

अलका पोथी उघडून बसली होती. गिरीश ऑफिसात. एवढ्या सकाळी कोण? तिने बोट ठेवून ओळ धरली, मग पोथीत तुळशीचं पान ठेवलं आणि उठून रिसिव्हर कानाला लावला.

"आई? हॅलो? अच्छा, मौन. बरोबर, साडेनऊ वाजलेत तिकडे. मग असं करू. तू नखाने टिचकी मार. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. कळलं?"

अलकाने रिसिव्हरच्या तोंडावर टिचकी मारली. एक.

"मस्त. बाबा घरात आहेत?"

दोन.

"मुद्दामच आत्ता केला. बाबा असले की ते सगळं नॉर्मल करून टाकतात. जेवतेस ना नीट?"

एक.

"खिडक्यांना टेप आहे?"

अलकाचं बोट थबकलं. मौनात खोटं बोलू नये, असं तिला आईने शिकवलं होतं. तिने एक टिचकी मारली.

"वाटलंच मला. घाबरलीयेस?"

दोन. हे खरं होतं की नाही, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. भीती जिथे असायला हवी तिथे चाचपून बघितलं तर काही हाताला लागत नव्हतं.

"आई, क्लासमध्ये सगळे माझ्याकडे सुतकातल्या माणसासारखं बघतात. कुणी विचारलं कुठून आलीस आणि मी रियाध म्हटलं की गप्पच होतात. उद्या पंधरा तारीख. मी काय करतेय गं इथे? पाण्याचे फॉर्म्युले लिहितेय. मला बसवत नाही. बघते मी काय ते." मागे कुठेतरी घंटानाद झाला, चर्चचा असावा. "मला निघायला हवं. येते मी, आई."

आणि फोन बंद.

अलका रिसिव्हर धरून उभी राहिली. काय म्हणाली ही? क्लासला निघते म्हणून येते म्हणाली, की येते म्हणाली? ओठांपर्यंत प्रश्न आलेला. एकच शब्द विचारायचा होता, "कुठे?" पण समोर कपाट उघडं होतं, निरांजन तेवत होतं, नैवेद्य व्हायचा होता. तिने रिसिव्हर ठेवला आणि पानापासून पुढे वाचायला घेतलं. तो अध्याय तिने पुरा वाचला, पण कुठल्या ओळीत काय होतं ते तिला आठवलं नाही.

संध्याकाळी गिरीशला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तूच तर शिकवलंस. निघताना येते म्हणायचं. शिकली पोरगी, आणि तू घाबरतेस."

"फोनवर येते नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?"

"ठेवते म्हणतात. फोन ठेवते. अकरा वर्षांत तुम्ही कुणाला फोनवर येतो म्हणालात?"

गिरीशने आठवून बघितलं. मग वर्तमानपत्र उघडलं. "विमानं तरी कुठे येताहेत," तो म्हणाला. पण पंधरा मिनिटांनी त्याने हॉलंडचा नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. नाही.

मंगळवारी अकरा वाजता खालच्या मजल्यावरची सुरैया आली. रत्नागिरीकडची. नवरा उस्मान, त्याचं बत्हा भागात कापडाचं दुकान. सुरैयाने मुलांना दोन्ही हातांनी धरलं होतं आणि जिन्यातूनच बोलत आली.

"सुटला काय गो तोंडाचा कुलूप? नायतर मी आपली भिंतीशी बोलायची. आम्ही चाललो मदिन्याला. उस्मानच्या भावाकडे. तुला पण नेली असती, पण मुसलमान नाय त्याला तिथे आत घ्यायचे नाहीत. बघ, कशी पंचाईत."

"तू जपून… जपून ये," अलकाने शब्द गिळून फिरवला. सुरैयाला ते समजलं आणि ती हसली.

"सुरैया, एक विचारू? तुझी पोरगी फोनवर 'येते' म्हणाली तर तुला काय वाटेल?"

सुरैयाने मान तिरकी केली. "कोण, ज्ञानदा? अगो, पोरींचा काय सांगू नकोस. 'येते' म्हणतात आणि आयुष्यभर लोकांच्या घरी जातात." मग अलकाचा चेहरा बघून तिचा आवाज मऊ झाला. "कधी म्हणाली?"

"काल. मी मौनात होते. विचारता आलं नाही."

"एवढंसं विचारायचं होतंस. तुझा देव काय एका शब्दासाठी रागावणार होता?"

नेम ज्ञानदासाठीच होता, हे सुरैयाला कसं सांगायचं? ज्या पोरीसाठी तोंड मिटलं, तिलाच विचारायला ते उघडायचं म्हणजे दिलेलं परत मागितल्यासारखं.

"येते गो," दारात सुरैया म्हणाली.

"ये हं. सगळ्यांना घेऊन ये."

जिन्यात मुलांच्या चपला वाजल्या, मग खाली गाडीचं दार. त्यानंतर इमारत इतकी गप्प झाली की फ्रिजची घरघर दुसऱ्या खोलीत ऐकू यायला लागली.

बुधवारी संध्याकाळी फोन लागला. घरमालकीण बाईंनी उचलला. गिरीश इंग्रजीतून विचारत होता, मधेच त्याने मानेने अलकाला बस अशी खूण केली, आणि ती बसली. बाई सांगत होत्या, ती छोटी बॅग घेऊन ॲमस्टरडॅमला गेली. पहाटेचं विमान आहे. आईकडे जाते म्हणाली. बाई म्हणाल्या, चांगलं केलं तिने, अशा वेळी मुलीने आईजवळ असावं. मी तिला सँडविच बांधून दिली, दोन दिली.

गिरीशने फोन ठेवला. "दोन सँडविच दिली म्हणे," तो म्हणाला. एवढंच. मग विमान कंपनीचे नंबर फिरवत बसला. कुठेही कुणी उचललं नाही.

अलका उठली, कुकर लावला. भात झाला, आमटी झाली, दोघं जेवले. ज्ञानदा लढाईत उतरायला निघाली होती आणि आपण आमटीत मीठ बरोबर टाकलं, हे तिला भांडी घासताना जाणवलं. हात चालतात, असं पोरगी म्हणाली होती. चालत होते खरे.

पहाटे भोंगा झाला. दोघं जण ज्ञानदाच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगावर मास्क लावून बसले, आणि रेडिओने सांगितलं की बगदादवर बॉम्ब पडताहेत, लढाई सुरू झाली. मग भोंगा थांबला, ते बाहेर आले, उजाडलं. आकाशात विमानांची घरघर थांबतच नव्हती, कपाटातली ताटं सारखी किणकिणत होती. सातला बँकेची गाडी आली. कॉम्प्युटरच्या टेपा सुरक्षित जागी हलवायच्या होत्या.

"विमानतळ बंद झालाय," गिरीश बूट घालत म्हणाला. "रेडिओवर सांगितलं. म्हणजे तिकडूनही सोडणार नाहीत तिला."

"सोडलं असेल तर?"

तो नाडी बांधत राहिला. "येतो," म्हणाला.

"या."

आज तरी नेम राहू द्यावा, असं अलकाच्या मनात आलं नाही. मनात काहीच आलं नाही. साडेआठ वाजले, तिने पाणी काढलं, पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तोंड मिटलं. तुळशीची चार पानं खुडली. कपाट उघडलं. देवांच्या अंगावर चुन्याची बारीक पूड पडली होती, विमानांच्या हादऱ्याने वरून निघालेली. तिने एकेक मूर्ती पुसून घेतली. पोथी उघडली.

पावणेदहाच्या सुमारास फोन वाजला.

"आई? तूच ना? बोलू नकोस, माहितीये, मौन. नीट ऐक, नाणी कमी आहेत माझ्याकडे." मागे गलका, चाकांच्या पेट्या, कुणीतरी बाई माईकवरून काहीतरी पुकारत होती. आणि त्यावर खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. "मी एअरपोर्टवरच आहे. सकाळची फ्लाइट कॅन्सल झाली. पण उद्या कैरोला एक आहे, तिथून जेद्दाला जागा मिळेल असं म्हणतेय ती काउंटरवरची. जेद्दाहून मी बसने येईन. नाव घातलंय रांगेत, दहा मिनिटांत सांगायचंय. येऊ ना? एक हो, दोन नाही."

अलकाने दोन टिचक्या मारल्या. इतक्या जोरात की नख दुखलं.

"काय? एकच आली. एक ना?"

तिने पुन्हा मारल्या. दोन. मध्ये अंतर ठेवून.

"खरखर आहे खूप. एकच ऐकू येतेय, आई. हो ना? मला माहीत होतं तू हो म्हणशील. बाबांना सांगू नकोस, ते उगाच…"

अलकाने समोरची पळी उचलली आणि रिसिव्हरवर आपटली. टण, टण.

"हो, हो, कळलं! मी सांगते काउंटरवर. येते मग, आई. येते—"

"जा."

शब्द बाहेर पडला तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"काय?"

"जा म्हटलं. परत जा. तुझ्या खोलीवर जा. क्लासला जा."

आयुष्यात हा शब्द तिने निघालेल्या माणसाला कधी म्हटला नव्हता. नवऱ्याला नाही, सुरैयाला नाही, नळ दुरुस्त करून निघालेल्या माणसालाही नाही. या, ये, येत जा, असंच. आता तो एकदा सुटला तो सुटतच राहिला.

पलीकडे माईकवरची बाई कुणाची तरी नावं पुकारत होती.

"आई, तू बोललीस."

"हो."

"आणि जा म्हणालीस."

"हो."

"नेम मोडला तुझा."

"मोडला." अलकाने डोळे मिटले. कपाटातल्या निरांजनाचा उजेड पापण्यांवर तांबूस दिसत होता. "क्लास किती वाजता आहे?"

"पावणेनऊला."

"आता तिकडे किती वाजले?"

"पावणेआठ."

"पोचशील?"

ज्ञानदाने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "ट्रेन आहे. पोचेन, उशिरा. ओले बूट आहेत माझे, कालपासून."

"खोलीवर गेलीस की हीटरवर ठेव. विरजणाचं भांडं बाजूला कर आधी."

पोरगी हसली की रडली ते खरखरीत कळलं नाही. मग काहीतरी टुं टुं वाजायला लागलं, नाणं संपल्याची खूण असावी.

"आई…"

"जा," अलका पुन्हा म्हणाली, या वेळी हळू.

"बरं. ठेवते, आई."

"ठेव."

रिसिव्हर जाग्यावर ठेवून ती परत कपाटासमोर आली. मोडलेल्या मौनातून अध्याय पुढे वाचायचा की पहिल्यापासून, याचा तिने थोडा विचार केला. मग पुन्हा न्हाणीघरात गेली, पाणी काढलं, तांब्या अंगावर घेतला, आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. नैवेद्याचा भात गार झाला होता. तसाच दाखवला. दुपारी ती जेवली नाही, एक तुळशीचं पान तोंडात टाकलं. नेम मोडल्याबद्दल तेवढंच. देवाला सांगायला काही वेगळे शब्द तिला सुचले नाहीत. ऐकलंच असेल त्याने, फोन कपाटापासून चार हातांवर तर होता.

तीनच्या सुमाराला गिरीश आला. त्याने दारातच विचारलं, "फोन?"

"आला होता."

"कुठून? काय म्हणाली?"

"ठेवते म्हणाली."

गिरीशने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. खिडकीवरच्या टेपचं एक टोक हादऱ्यांनी सुटून लोंबत होतं. त्याने ते अंगठ्याने दाबलं. चिकटेना. तो टेबलाच्या खणात टेप शोधू लागला, आणि अलका त्याचं ताट वाढायला आत गेली.